षष्ठीची पॅसेंजर

बीना,
८ सप्टेंबर २०२४

आई,

वर काय लिहायचं याचा विचार करता करता चहा गार झाला. 'तीर्थरूप' लिहिलं, खोडलं. नऊ वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या मुलीला तो शब्द शोभत नाही. म्हणून नुसतंच आई.

गेल्या आठवड्यात विदिशाला एका बारशाला सुमनमावशी भेटल्या. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. मग ओळखल्यावर हात सोडेनात. म्हणाल्या, तुझ्या आईला आता काहीच ऐकू येत नाही, आणि कानाचं मशीन ती घालत नाही, शिट्टी वाजते म्हणते. फोनवर बोलायची आशा तिथेच संपली. फोन तसाही दादाच्या हातात. मावशी म्हणाल्या, माझ्या पत्त्यावर पत्र टाक, मी भिंतीवरून पलीकडे देईन. म्हणून लिहिते आहे.

काल गणपती बसले. इथे बीनाला मोदकाचा साचा मिळत नाही, हातानेच केले. तीन फुटले. प्रतीकने फुटलेलेच खाल्ले आणि ते जास्त चांगले लागतात म्हणाला. दादाने ज्याला 'घटस्फोटवाला परका माणूस' म्हटलं तो हा असा आहे, आई. माझे सासू-सासरेही भले आहेत. मला दुःख कसलं म्हणशील तर एकच आहे.

तुला नात आहे. संपदा तिचं नाव. सहा वर्षांची झाली. नाक तुझं आहे, हट्ट बाबांचा. ती हिंदी बोलते, पण 'आजी' म्हणायला मी शिकवलंय. परवा विचारते, 'मम्मी, आजी सच में है या कहानी में है?' मी काय सांगू?

दादाने दारात उभं राहून सांगितलं होतं, आज गेलीस तर हा उंबरा पुन्हा चढायचा नाही. तो मी चढणार नाही. पण तू उंबऱ्याबाहेर येऊ शकतेस की नाही, एवढंच विचारायला हे पत्र. एकदा तिला बघ. मला बघायचं नसेल तर मी लांब उभी राहीन.

सुरुची


कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ,
१९ सप्टेंबर

चि. सुरुची, पोटभर आशीर्वाद.

लांब उभी राहीन म्हणे! नाटकी ती नाटकीच राहिलीस. तुला बघायचं नाही असं मी कधी म्हटलं? तुझं पत्र सुमनने पोळ्यांच्या डब्यात घालून दिलं. मी ते देवघरात बसून वाचलं, कारण तिथे मी रडले तरी कल्पनाला वाटतं सासूबाईंना भक्तीचा उमाळा आला.

कान गेले हे खरं. सगळं जग तोंड हलवतं आणि मी मान हलवते. दत्तू पाटीवर लिहून दाखवतो. तो वाईट नाही गं. त्याच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो गिळता येत नाही त्याला, बाबांसारखंच. तुझं नाव काढलं की पाटी खाली ठेवतो आणि बाहेर जातो.

आता नीट वाच. तुला बेतोली आठवते ना? बाबा रिटायर झाल्यावर रविवारी तुला घेऊन पॅसेंजरने जायचे ती. पहाटे निघायचात आणि संध्याकाळी परत यायचात तेव्हा दोघांच्या खिशात खापरांचे तुकडे. त्या गावात गोठ्याच्या भिंतीतसुद्धा कोरीव दगड आहेत, एका घरी तर नाचणाऱ्या बाईवर धुणं आपटतात, असं तू मला हात नाचवून सांगायचीस. बाबांच्या अस्थी तिथेच बेतवा नदीच्या घाटावर सोडल्या, ते तुझ्यासमोरच. तेव्हापासून दरवर्षी त्यांच्या तिथीला मी बेतोलीला जाते. दत्तू सकाळी शिधा देऊन कामावर जातो, आणि मी पॅसेंजरने जाऊन घाटावर दिवा सोडून संध्याकाळी येते. पंधरा वर्षांचा रिवाज, कोणी काही विचारत नाही. एरवी मला जवाहर चौकापर्यंतसुद्धा एकटीला सोडत नाहीत.

तर बाबांच्या तिथीला, कार्तिक वद्य षष्ठीला, मी भोपाळहून सकाळच्या पॅसेंजरने येते. तू बीनाहून ये. बेतोलीच्या स्टेशनावर बाकडं एकच आहे, चुकायला जागा नाही. तिथून घाटावर तिघी मिळून जाऊ, तिथल्या जुन्या विहिरीच्या, बावडीच्या, पायऱ्या संपदाला दाखवू. मी तिच्यासाठी काहीतरी शिवते आहे. माप अंदाजाने घेतलंय, तुझ्या सहाव्या वर्षीचं.

आणि हे महत्त्वाचं. सुमन दसऱ्याच्या आधी लेकीच्या बाळंतपणाला अहमदाबादला जायची आहे. तिचं घर बंद असेल. मग पत्र टाकू नकोस, पोस्टमन शेजारी म्हणून आमच्याकडे देईल आणि दत्तूच्या हाती पडेल. आता जे बोलायचं ते बाकड्यावर.

स्टेशनावर मला हाका मारत बसू नकोस, ऐकू येणार नाही. समोर येऊन उभी राहा.

तुझी आई,
मनोरमा


बीना,
२५ सप्टेंबर

आई,

सुमनमावशी जायच्या आत पोचावं म्हणून घाईत लिहिते. येते, येते, येते.

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून कार्तिक उघडला आणि षष्ठीवर कुंकवाचं बोट टेकवलं. सासूबाई म्हणाल्या, 'किसका व्रत है बहू?' मी म्हटलं, माझ्या आईचं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दिवशी स्वयंपाकाकडे बघू नकोस, मी करते.

संपदा रोज सराव करते आहे. हात जोडून, मान वाकवून, 'नमस्कार करते, आजी.' कालपासून कुत्र्यालाही नमस्कार करते.

आई, मी खूप आनंदात आहे. हे लिहून ठेवते, कारण तिथे भेटल्यावर मी नुसती रडणार आणि तुला वाटेल ही दुःखात आहे.

तुझी सुरू


कोटरा सुल्तानाबाद,
२८ नोव्हेंबर

सुरुची,

तिथीहून आले ती तापाने पडले, म्हणून लिहायला उशीर झाला. आज उठून बसले आहे. सुमन परत आली आहे. तिला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, लिही, काही कारण असेल. माझ्या मनाला कारण सापडत नाही.

तू आली नाहीस.

मी सकाळच्या गाडीने उतरले. बीनाकडून गाडी आली, माणसं उतरली, मी प्रत्येक बाईच्या समोर जाऊन उभी राहिले. एका बाईबरोबर मुलगी होती. मी तिचा हातच धरला, ती घाबरली, तिची आई माझ्यावर तोंड हलवत राहिली, काय बोलली देव जाणे. मग दुपारची गाडी आली, तीही रिकामी गेली. घाटावर दिवा सोडायलासुद्धा मी गेले नाही. मला वाटलं, मी तिकडे गेले आणि तू इकडे आलीस तर? पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांना दिवा मिळाला नाही.

संपदासाठी परकर-पोलकं शिवलं होतं. माझ्या डाळिंबी नारायणपेठेचं, ज्या साडीला तू लहानपणी गाल घासायचीस. संध्याकाळी बाकड्याशी एक मुलगी शेळ्या घेऊन उभी होती, तिला देऊन टाकलं. घरी परत नेऊन कुठे ठेवणार होते? आणि बघायचं कसं ते?

तुझा राग मला समजतो. दत्तू बोलला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि तिथेच राहिले. तू तो हिशेब चुकता केलास असं समजते. पण मग 'येते, येते' तीनदा लिहायचं नव्हतं. एकदा 'नाही येत' लिहिलं असतंस तर म्हातारीने निमूटपणे दिवा सोडला असता आणि घरी आली असती.

आई


बीना,
४ डिसेंबर

आई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाटलं होतं तू क्षमा मागशील. तू उलट माझ्यावरच घातलंस!

मी आले होते. संपदाला नवा फ्रॉक घालून, केसांना रिबिनी लावून आले होते. पहाटे निघालो. गाडीत ती खिडकीतून प्रत्येक स्टेशनला विचारत होती, हेच का बेतोली. उतरलो तर बाकडं रिकामं. भोपाळची गाडी आली, तू नाही. मी पोरीला म्हटलं, आजी पुढच्या गाडीने येईल. ऊन मी म्हणत होतं, डोक्यावर पदर घेऊन बसलो. पलीकडच्या शेतात सोयाबीनची मळणी चालली होती, सगळा भुसा अंगावर. संपदाने दोनदा बर्फाचा गोळा मागितला. पहिला दिला. दुसरा मागितला तेव्हा म्हटलं, आजी आली की. मग तीच म्हणायला लागली, 'आजी को भी गोला दिलाएँगे.' संध्याकाळी बाकड्यावरच झोपली. मी तिला उचलून परतीच्या गाडीत बसले, तेव्हा झोपेत तिने हात जोडले होते, आई. सरावाने.

तू म्हणाली होतीस पत्र टाकू नको, म्हणून मी गप्प बसले. तुझ्या पत्राची वाट बघितली. दिवाळी गेली, भाऊबीज गेली. मनात हजार गोष्टी आल्या. पडली असेल, दादाने अडवलं असेल, आजारी असेल. आणि आता तू लिहितेस की तू गेली होतीस आणि मीच नव्हते! आजारी होतीस तर तसं लिही. घाबरलीस तर तसं लिही. मला तेही चाललं असतं. पण मी दिवसभर जिथे बसले तिथेच तू बसली होतीस, हे कशाला रचायचं? एवढंसं स्टेशन. एक बाकडं. तूच म्हणाली होतीस, चुकायला जागा नाही.

त्या दिवशी तू स्वयंपाकघरातून बाहेर आली नाहीस. मी नऊ वर्षं स्वतःला सांगितलं, आईचा नाइलाज होता. आता काय सांगू?

सुरुची


कोटरा सुल्तानाबाद,
९ डिसेंबर

सुरुची,

अक्षर वाकडं आलंय, लावून घे. रागाने की खोकल्याने, ते मला माहीत नाही.

खोटं बोलायचं तर नीट तरी बोलावं. ऊन मी म्हणत होतं म्हणे! अगं, मी दोन शाली गुंडाळून कुडकुडत बसले होते. बर्फाचा गोळा कोणी दिला तुला? त्या स्टेशनावर भाजक्या शेंगांची गाडी होती, मी त्या माणसाच्या शेगडीवर हात शेकले. सोयाबीन तर केव्हाच घरात गेलं होतं. पलीकडच्या शेतात गहू बोटभर वर आला होता. शेंगवाल्याच्या बायकोने खाणाखुणा करून मला तिच्या घोंगडीवर बसवलं, कारण ते सिमेंटचं बाकडं गार पडलं होतं. घाटाकडून पोरं त्रिपुरी पौर्णिमेच्या रिकाम्या पणत्या गोळा करून आणत होती आणि फलाटावर मांडून खेळत होती. हे सगळं मी रचलं होय? माझ्यात तेवढं डोकं नाही. तुझ्यात आहे, तू लहानपणापासून गोष्टी रचायचीस. पण लहानपणी हवामान तरी बरोबर असायचं.

पोरीला मध्ये घालून खोटं बोललीस याचं जास्त लागलं. ती झोपेत हात जोडून होती, हे वाचून मी सुमनसमोर ओक्साबोक्शी रडले, आणि मग लक्षात आलं की हेही तुझ्या गोष्टीतलंच.

ताप परत चढतो आहे. छातीत खरखर आहे, दत्तू उद्या डॉक्टरकडे नेतो म्हणाला. मला आता फार लिहायला लावू नकोस.

आई


बीना,
१४ डिसेंबर

आई, आई, आई,

तू खरं बोलतेस. मीही खरं बोलते. आपण दोघीही गेलो होतो!

तुझं पत्र काल आलं. मी तावातावाने उत्तर लिहायला बसले होते आणि त्या पणत्यांपाशी अडकले. त्रिपुरी पौर्णिमेच्या पणत्या. मी बेतोलीला गेले तेव्हा माझ्या हातावर करवा चौथची मेंदी होती. दोन दिवस झाले होते फक्त. म्हणजे दिवाळी यायची होती अजून. आणि तुझी पौर्णिमा तर दिवाळीनंतरची. मी उठून ते कॅलेंडर परत खाली काढलं. सासूबाईंचं हिंदी कॅलेंडर.

आई, इकडच्या लोकांचा महिना पौर्णिमेला संपतो. आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोन्ही जुळतात, पण वद्य पक्षात त्यांच्या महिन्याचं नाव एक महिना आधीच येतं. त्यांची कार्तिक षष्ठी दिवाळीच्या आधी, आपली दिवाळीच्या नंतर. मी त्यांच्या षष्ठीला आले. तू आपल्या षष्ठीला आलीस. एकाच बाकड्यावर आपण दोघी बसलो, एका महिन्याच्या अंतराने!

चूक माझी आहे. पूर्ण माझी. लहानपणी तू पुण्याहून कॅलेंडर मागवायचीस आणि बाबा चिडवायचे, भोपाळमध्ये काय दिवस वेगळे उगवतात का? मला हे माहीत असायला हवं होतं. पण नऊ वर्षं इथे राहून, इथले उपास करून, माझ्या डोक्यात इथलेच महिने बसले. माहेरची तिथी सासरच्या कॅलेंडरवर शोधली मी. बाबांची तिथी! आणि तुला खोटी म्हटलं.

तू दोन शाली गुंडाळून बसलीस. प्रत्येक बाईसमोर जाऊन उभी राहिलीस. मी ते वाचलं होतं आणि मला राग आला होता, देवा.

आजच निघणार होते. थेट घरी, दादाने हाकललं असतं तरी. पण संपदाच्या अंगावर कांजण्या उठल्या आहेत, ती मला सोडत नाही, आणि तुझ्या छातीत खरखर असताना तिचं दुखणं तुझ्याकडे कसं आणू? सुमनमावशींचा नंबर मी घेतला नाही, मूर्ख मी. दादाला फोन लावावा म्हणून त्याचा नंबर काढला. बोट टेकवलं आणि तो दारातला आवाज आठवला. फोन ठेवून दिला. पत्र दोन-तीन दिवसांत पोचेलच.

आता तिथी नको. तारीख. २९ डिसेंबर, रविवार. तोवर ही बरी होते. तुला प्रवास झेपणार नसेल तर मी भोपाळला येते आणि सुमनमावशींच्या अंगणात उभी राहते, तू भिंतीपलीकडून बघ. औषध वेळेवर घे. कानाचं मशीन घाल, शिट्टी वाजली तर वाजू दे, मला तुला 'आई' अशी हाक मारायची आहे.

तुझी, तुझीच,
सुरू


कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ,
१९ डिसेंबर २०२४

चि. सुरू,

हे पत्र मी लिहितो आहे म्हणजे काय झालं असेल ते तू ओळखलं असशील. आई सोमवारी, सोळा तारखेला पहाटे गेली. निमोनिया होता. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. तुझं पत्र सुमनमावशींनी काल आणून माझ्या हातात दिलं. त्या दारातच रडायला लागल्या. मी फोडून वाचलं, त्याबद्दल रागावू नकोस. तुझा नंबर माझ्याकडे नाही. असता तर फोन केला असता. मीच तो पुसून टाकला होता.

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आई दरवर्षीप्रमाणे बेतोलीला गेली एवढंच माहीत होतं. उशिरा आली, ओठ निळे पडले होते. मी पाटीवर लिहिलं, एवढा वेळ कुठे होतीस? तर म्हणाली, गाडी चुकली.

हॉस्पिटलमध्ये मात्र तिने मला सगळं सांगितलं. तुला माहीत आहे, ऐकू येईनासं झाल्यापासून तिला हळू बोलता येत नव्हतं. त्यामुळे तिचं गुपित सगळ्या वॉर्डाला कळलं. शेजारच्या खाटेवरची बाई डोळे पुसत होती. तुझी पत्रं, बाकडं, परकर-पोलकं, सगळं. मी पाटीवर लिहिलं, मला सांगितलं असतंस तर मी नेलं असतं. ती पाटीकडे बघून म्हणाली, 'खरं?' मी पाटी पुसली. खरं होतं की नाही ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, पण त्याचा काय उपयोग?

शनिवारी ती चांगली सावध होती. पेज मागून घेतली. तू ज्या दिवशी माझा नंबर काढून फोन ठेवलास, तो हाच शनिवार. तू फोन केला असतास तर मी पाटीवर लिहून तिला दाखवलं असतं. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही, सुरू. तुझं बोट ज्या आवाजाने मागे आलं तो माझा होता.

त्याच दिवशी ती म्हणाली, 'दत्तू, सुरू म्हणते ती आली होती. खोटं बोलते. पण बघ, आईला वाईट वाटू नये म्हणून किती रचलं पोरीने. ऊन काय, गोळा काय, झोपेत हात जोडले काय. एवढं रचायला तरी माझ्यापाशी दिवसभर मनाने बसलीच असेल की नाही?' मग थोड्या वेळाने म्हणाली, 'तू तिला लिही. आईला पटलं म्हणून लिही. मी भांडून पत्र संपवलंय, तसं राहायला नको.' पटलं नव्हतं तिला. पण लिही म्हणाली. मी म्हटलं, उद्या लिहितो.

ते आज लिहितो आहे. आईला पटलं, सुरू.

अस्थी अजून सोडलेल्या नाहीत. बेतोलीलाच न्यायच्या, तिने तेवढं आधीच सांगून ठेवलं होतं. तू सांगशील त्या दिवशी जाऊ, मी थांबलो आहे. आणि घरी ये. उंबरा, बिंबरा काही नाही. प्रतीकरावांना आण. कल्पनाही तेच सांगते आहे.

खाली माझा नंबर देतो आहे. तोच आहे, पण तरी.

तुझा,
दत्तू


बीना,
२३ डिसेंबर

दादा,

काल संध्याकाळी एक फोन आला असेल तुला आणि कोणी बोललं नसेल. ती मी होते. तू 'हॅलो' म्हणालास, मग 'सुरू?' म्हणालास, आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून लिहिते.

तिला पटलं म्हणून तू लिहिलंस. दादा, पटलं असं लिहायला सांगायची गरज नव्हती रे तिला. ते खरं होतं! मी खरंच आले होते. ऊन खरं होतं, गोळा खरा होता, पोरीचे हात खरे होते. तिने मला माफ केलं, पण जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल केलं. आणि जे केलं, ते कॅलेंडर, ते तिला कळलंच नाही. आता कोणाला जाऊन सांगू की आई, मी आले होते गं? प्रतीक म्हणतो, तिला आता सगळं माहीत असेल. तो भला आहे म्हणून असं म्हणतो. मला नाही तसं वाटत. मला वाटतं ती मी आलेच नाही असं समजून गेली, आणि ते आता कधीच बदलणार नाही.

घरी येईन. आत्ता नको. आधी बेतोली.

रविवार, २९ डिसेंबर. मी तिला दिलेली तारीख आहे, तीच राहू दे. तू भोपाळहून सकाळच्या पॅसेंजरने तिला घेऊन ये, आम्ही तिघं बीनाहून येतो. दादा, प्लीज, तू बाकड्यापाशीच थांब. मी उतरेन तेव्हा ते मला रिकामं दिसायला नको.

संपदा बरी आहे, खपल्या धरल्या आहेत. आजी गेली हे मी तिला अजून सांगू शकले नाही. काल बेतोलीला जायचंय एवढंच म्हटलं, तर धावत जाऊन तोच फ्रॉक घेऊन आली. म्हणाली, 'इस बार आजी पक्का आएगी न?'

मी हो म्हणाले.

सुरू